रक्ताच्या गोळ्या आणि ३७ ग्रॅम

गरोदर बाईच्या घरात लाल गोळ्यांचं पाकीट पोचलं की त्याच्या मागोमाग एक शंका हमखास येते. या गोळ्यांनी बाळ पोटात फार मोठं होईल, मग बाळंतपण अडेल, सिझर करायची वेळ येईल. गोळीने मळमळतं, शौचाला काळी होते, पोट साफ होत नाही, या तक्रारींना आशाताईकडे उत्तर असतं: जेवणानंतर घे, रात्री झोपताना घे, काळ्या रंगाला घाबरू नकोस. बाळ मोठं होण्याच्या धास्तीला मात्र तिच्याकडे तयार उत्तर नसतं. ही धास्ती बहुतेकदा सुनेची नसून सासूबाईंची किंवा आईची असते, आणि तिच्यामागे भोगलेलं वास्तव असतं. दवाखाना कोसांवर होता, रस्ता नव्हता, तेव्हा उंचीने कमी आणि कमरेने अरुंद असलेल्या बाईच्या पोटात मोठं बाळ असणं म्हणजे खरोखर जिवाशी गाठ होती. शेवटच्या तीन महिन्यांत जेवताना हात आखडता घ्यायची चाल त्यातूनच पडली. तिला अडाणीपणा म्हणून हिणवणाऱ्यांचं मला पटत नाही.

दुसऱ्या बाजूला आरोग्य खातं नेमकं उलटं सांगतं. गोळी घे, बाळ सुदृढ होईल. गुटगुटीत बाळाचं चित्र, सुदृढ बालक स्पर्धा, वजनकाट्यावरचा आकडा या सगळ्याभोवती आपला प्रचार फिरतो. म्हणजे भिणारी सासू आणि समजावणारी सिस्टर यांच्यात एका गोष्टीवर एकमत आहे: गोळीने बाळ वाढतं. ते किती वाढतं, हा प्रश्न या दोघींच्या बोलण्यात सहसा येत नाही. त्याचं उत्तर मात्र गेल्या काही दशकांत बरंच नीट मिळालेलं आहे.

सगळ्यात बोलकं उत्तर नेपाळच्या तराईतलं आहे. बिहारच्या सीमेला लागून असलेल्या सरलाही जिल्ह्यात १९९८ नंतरच्या काळात अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या पारुल ख्रिश्चन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ५ हजार गरोदर बायकांवर एक मोठा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने वस्त्या निरनिराळ्या गटांत वाटल्या. सगळ्यांना अ जीवनसत्त्व मिळत होतं. एका गटाला त्याशिवाय काही नाही, एकाला फॉलिक आम्ल, एकाला फॉलिक आम्ल आणि ६० मिलिग्रॅम लोह, आणि आणखी गटांना त्यात जस्त किंवा इतर बरीच सूक्ष्म पोषकद्रव्यं. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या फॉलिक आम्लाने बाळाच्या वजनात फरक पडला नाही. लोह जोडलं तेव्हा पडला: सरासरी ३७ ग्रॅम.

३७ ग्रॅम म्हणजे एका लिंबाचं वजन. अडलेल्या बाळंतपणाची भीती ज्या आकारामुळे वाटते, त्याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. सासूबाईंना द्यायचं पहिलं उत्तर हेच आहे आणि ते छातीठोकपणे देता येतं.

सरलाहीचा आकडा अपवादही नाही. २०१३ मध्ये बत्तूल हैदर आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या ४८ चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. लोह घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी ४१ ग्रॅमनी जास्त भरली. रोजच्या मात्रेत १० मिलिग्रॅम लोह वाढलं की वजनात साधारण १५ ग्रॅमची भर पडत होती, आणि हा हिशेब ६६ मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेला लागू होता. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात तर सरासरी फरक फक्त २४ ग्रॅमच्या आसपास निघाला. पण त्याच आढाव्यात दुसरा आकडा आहे: रोज लोह घेणाऱ्या बायकांमध्ये दिवस भरतानाचा रक्तक्षय ७० टक्क्यांनी कमी. आईच्या रक्तावर एवढा परिणाम आणि बाळाच्या वजनावर एवढासा, हे दोन आकडे शेजारी ठेवले की गोळीचं खरं काम कुठे चालतं ते दिसायला लागतं.

सरासरी मात्र फसवी असते. सरलाहीतच अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण ४३ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आलं. फायदा सगळ्यांना सारखा वाटला गेला नाही. काठावरच्या बऱ्याच बाळांना त्याने रेषेच्या अलीकडे आणलं. केनियाच्या पश्चिम भागात ४७० बायकांवर झालेल्या चाचणीत फरक १५० ग्रॅमचा निघाला, आणि ज्यांच्या शरीरात सुरुवातीलाच लोह कमी होतं त्यांच्या बाळांना तो जास्त मिळाला. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात रक्तक्षय नसलेल्या गरीब बायकांना लवकर, पहिल्या महिन्यांपासूनच लोह दिलं, तर फरक २०६ ग्रॅमपर्यंत गेला. उलट मलावीमध्ये मधल्या तिमाहीत रक्तक्षय असलेल्या बायकांना गोळीऐवजी शिरेतून लोह दिलं, आणि बाळाच्या वजनात गोळीच्या तुलनेत काहीच फरक पडला नाही. कोणाला, केव्हापासून आणि किती कमतरता असताना लोह मिळालं, यावर हे सगळं ठरतं. उशिरा सुरू केलेल्या गोळीकडून वजनाची फार अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

याचं कारण शरीराच्या जमाखर्चात आहे. संपूर्ण गरोदरपणात बाईला सुमारे १००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम जादा लोह लागतं. त्यातलं ३०० ते ३५० मिलिग्रॅम बाळ आणि वार यांच्याकडे जातं, ४५० ते ५०० तिच्या स्वतःच्या वाढलेल्या तांबड्या पेशींत, उरलेलं रोजच्या झिजेत. सुरुवातीच्या महिन्यांत दिवसाला एक मिलिग्रॅमही शोषलं गेलं तरी भागतं; शेवटी सात मिलिग्रॅमच्या वर लागतं. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी यांत लोह असतं, पण धान्यातली फायटेटं आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवून धरतात. आपल्या जेवणातल्या लोहाचा जेमतेम बारावा भाग आत जातो. लिंबू पिळलं, आवळा खाल्ला, लोखंडी कढईत आमटी केली तर थोडी मदत होते. एवढा खड्डा जेवणाने भरायचा तर लग्नाआधीच साठा हवा, आणि आपल्या मुलींकडे तो नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली होतं. कौतुकाने पुरवल्या जाणाऱ्या डोहाळ्यांमध्ये माती, खडू, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं असेल, तर तो लोह संपल्याचा निरोपही असू शकतो. अशा वेळी हौस पुरवण्याबरोबर रक्त तपासून घ्यावं.

आता एक गोष्ट जी ऐकायला विचित्र वाटते. गरोदरपणात हिमोग्लोबिन थोडं उतरणं चांगलं असतं. रक्तातला पातळ भाग जवळपास निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी त्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून रक्त पातळ होतं आणि वारेतून सहज वाहतं. इंग्लंडमध्ये दीड लाखाहून अधिक गरोदरपणांच्या नोंदी तपासून फिलिप स्टीअर यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की गरोदरपणातलं सगळ्यात कमी हिमोग्लोबिन ज्यांचं ८.५ ते ९.५ पर्यंत उतरलं होतं, त्यांच्या बाळांचं सरासरी वजन सगळ्यात जास्त होतं. ज्यांचं ते १०.५ च्या खाली उतरलंच नाही, त्यांच्यात कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा धोका वाढलेला होता. रक्त पातळ न होणं हे वारेकडचा प्रवाह नीट नसल्याचं लक्षण ठरतं. त्या बायका बऱ्यापैकी पोसलेल्या होत्या, हे इथे विसरून चालणार नाही. आपल्याकडे नऊवर आलेलं हिमोग्लोबिन बहुधा पातळ झालेलं रक्त नसून रिकामा साठा असतो. पण इराणमधल्या २००७ च्या एका चाचणीत हिमोग्लोबिन १३.२ च्या वर असलेल्या बायकांना रोज ५० मिलिग्रॅम लोह दिलं, तेव्हा दिवसांच्या मानाने लहान बाळांचं प्रमाण १०.३ वरून १५.७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे गरज नसताना लोहाचा मारा करून बाळ मोठं होत नाही. ‘टॉनिक’ म्हणून तीन तीन बाटल्या लिहून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग बाळाचा आकार ठरतो कशावर? या प्रश्नाचं जगातलं एक महत्त्वाचं उत्तर पुण्याजवळच्या गावांतून आलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या बायकांचा गरोदर राहण्याच्या आधीपासून माग ठेवला. या आया सरासरी १५२ सेंटिमीटर उंच, गरोदर होण्याआधीचं वजन ४२ किलोही नाही. त्यांची बाळं सुमारे २.७ किलोची, साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. स्नायू आणि पोटातले अवयव लहान, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. या बाळांना याज्ञिकांनी दिलेली ‘कृश-स्थूल’ ही ओळख पुढे मधुमेहाच्या अभ्यासात जगभर गेली.

पण मला त्यातल्या दोन कमी गाजलेल्या गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. एक म्हणजे आईने किती उष्मांक आणि किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. दूध, पालेभाजी आणि फळं किती वेळा खाल्ली याचा दिसला. दुसरी म्हणजे कष्ट. शोभा राव यांच्या गटाने या बायकांच्या दिवसभराच्या कामांची मोजदाद केली: पाणी आणणं, धुणं, शेतातली कामं. जितकं काम जास्त तितकं बाळाचं वजन, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेर कमी. आपल्या घराघरांत ‘काम केलं की बाळंतपण सोपं जातं’ म्हणत सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत बाईला राबवतात. हंडा डोक्यावर तसाच ठेवून गोळीकडून वजनाची अपेक्षा करायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

पुण्यातल्या पालेभाजीच्या धाग्यावरून मुंबईत मोठा प्रयोग झाला. डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या साडेसहा हजार बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला: एका गटाला पालेभाजी, सुकामेवा आणि दुधाची भुकटी घातलेला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्यांची मिळून सरासरी घेतली तर वजनातला फरक २६ ग्रॅम, जो योगायोगानेही पडू शकतो असा. गरोदर राहण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्यांमध्ये ४८ ग्रॅम. आणि त्यातही ज्या आयांचं स्वतःचं वजन बऱ्यापैकी होतं त्यांच्या बाळांना ९६ ग्रॅमपर्यंत फायदा. ज्या आया हडकुळ्या होत्या त्यांच्या बाळांना काहीच नाही. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांच्यापर्यंत तो फायदा पोचलाच नाही. हडकुळी आई बहुधा तो खाऊ आधी स्वतःच्या शरीराची भूक भागवण्यात खर्च करत असावी. त्या निष्कर्षाने मला अस्वस्थ केलं आहे आणि ती अस्वस्थता अजून गेलेली नाही. बाळाचं वजन नऊ महिन्यांत पूर्ण घडत नाही; त्यातलं बरंचसं आईच्या बालपणीच, तिच्या भाकरीवर आणि उंचीवर ठरून गेलेलं असतं.

हे भाग्य म्हणून सोडून द्यायचं का? नागपूरने त्याला उत्तर दिलं आहे. ‘इंटरग्रोथ-२१’ या जागतिक अभ्यासात ऑक्सफर्ड, तुरिन, सिॲटल, नैरोबी अशा आठ ठिकाणांत नागपूर होतं. चांगलं पोसलेल्या, निरोगी बायकांची बाळं निवडली तेव्हा जन्माच्या वेळच्या लांबीतल्या एकूण तफावतीपैकी जेमतेम साडेतीन टक्के वाटा ठिकाणाचा निघाला. आपली बाळं जातीनेच लहान असतात, हा समज तिथे मोडला.

मुंबईचा उल्लेख आलाच आहे तर १९२८ सालापाशी थोडं थांबायला हवं. त्या वर्षी ल्यूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणारा एक घातक रक्तक्षय तिला समजून घ्यायचा होता. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान होतात. इथे त्या फुगलेल्या दिसत. जेवण निकृष्ट असलेल्या गरीब बायकांत तो जास्त होता. माकडांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग करून तिने दाखवलं, की यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या ‘मार्माइट’ने तो बरा होतो. १९३१ मध्ये तिचा निबंध छापून आला. त्या अर्कातला तो घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला: फॉलिक आम्ल. आज आशाताई जी गोळी वाटते तिच्यातला ५०० मायक्रोग्रॅमचा वाटा परळच्या त्या बायकांच्या रक्तातून आलेला आहे. आणि त्याच १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रसूती-लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलत होते: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. एकाच शहरात, एकाच वर्षी, औषध आणि विश्रांती असे दोन्ही विचार एकाच वर्गातल्या बायकांसाठी होत होते. गोळी गावोगाव पोचली. बाळाच्या वजनाशी ज्याचा पुण्यात थेट संबंध दिसला, तो विसावा ऊसतोडीला गेलेल्या आणि कोयता चालवणाऱ्या गरोदर बाईपर्यंत अजून पोचायचा आहे.

गोळीने वजन फारसं वाढत नसेल, तर ती घ्यायची कशाला? सरलाहीकडेच परत जाऊ. संशोधकांनी त्या मुलांचा पिच्छा सोडला नाही. ज्यांच्या आयांना लोह आणि फॉलिक आम्ल मिळालं होतं, त्या मुलांमध्ये सात वर्षांपर्यंतचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. सात ते नऊ वर्षांच्या वयात त्यांच्या बुद्धीच्या आणि हातापायांच्या हालचालींच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा ती मुलं सरस ठरली. जन्माच्या वेळी काट्यावर ज्यांच्यात एका लिंबाएवढा फरक होता, त्यांच्यात जगण्याचा आणि शिकण्याचा फरक एवढा मोठा होता.

बाळ आपल्या लोहाचा बराचसा साठा शेवटच्या तीन महिन्यांत भरून घेतं, किलोमागे सुमारे ७५ मिलिग्रॅम. त्यावर त्याचे पहिले सहा महिने जातात, कारण अंगावरच्या दुधात लोह थोडंच असतं. वाढत्या मेंदूला, विशेषतः स्मरणाचं काम करणाऱ्या भागाला आणि मज्जातंतूंवरच्या आवरणाला लोह लागतं. हे वजनकाट्यावर दिसत नाही.

आईचा हिशेब तर आणखी सरळ आहे. बाळंतपणात रक्त जातंच. ज्या बाईचं हिमोग्लोबिन १२ आहे ती अर्धा लिटर रक्त गेलं तरी सावरते. ज्या बाईचं सहा आहे तिच्यासाठी तेवढंच जाणं मरण ठरू शकतं. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया या चार देशांतल्या दहा हजार रक्तक्षयी बायकांच्या अभ्यासात तीव्र रक्तक्षय असलेल्यांना मृत्यूचा किंवा मृत्यूच्या दारात जाण्याचा धोका मध्यम रक्तक्षय असलेल्यांच्या सातपट दिसला. म्हणून मला वाटतं, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना बाळाच्या गुटगुटीतपणाची लालूच दाखवूच नये. ‘बाळ मोठं होणार नाही, सुनेचं रक्त टिकेल’ हे वाक्य खरं आहे आणि सासूबाईंना ते पटण्यासारखंही आहे. अतिरक्तस्रावाने गेलेली एखादी तरी बाई त्यांनी पाहिलेली असते.

जन्माच्या क्षणी लोह देण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि त्याला गोळी लागत नाही. नाळ लगेच चिमटून न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं, तर वारेतलं ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाकडे जातं. मेक्सिको सिटीत दोन मिनिटं थांबून केलेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर त्या बाळांच्या शरीरात २७ ते ४७ मिलिग्रॅम लोह जास्त होतं. किमान एक मिनिट थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माहेरच्या बाईने खोलीबाहेरून डॉक्टरांना ही आठवण करून दिली तर त्यात काही गैर नाही.

भारतात ही गोळी १९७० पासून आहे. तेव्हा ६० मिलिग्रॅम लोह होतं, नव्वदीच्या सुरुवातीला १०० झालं, २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’मध्ये पुन्हा ६० वर आलं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी. हिमोग्लोबिन सात ते ११ च्या मध्ये असेल तर रोज दोन. सातच्या खाली असेल तर दवाखान्यात शिरेतून. देशपातळीवर १८० दिवस गोळ्या खाल्लेल्या आयांचं प्रमाण २०१९ ते २१ च्या पाहणीत २६ टक्के होतं. साखळी कुठे तुटते ते गावात सगळ्यांना माहीत असतं. सातव्या महिन्यात पहिलटकरीण माहेरी जाते आणि तिचं कार्ड सासरच्या आशाताईच्या यादीत राहतं. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्याकडे निघतात. कॅल्शियमची गोळी आणि लाल गोळी एकत्र गिळली जाते, आणि एकीमुळे दुसरी शोषली जात नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं, हे सांगायचं राहून जातं. गडचिरोली-नंदुरबारकडे महिनोन्‌महिने गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, तेव्हा सिकलसेलची तपासणी व्हायला हवी. तिथे बाईला ‘तू गोळ्या खात नाहीस’ म्हणून रागावणं हा दुहेरी अन्याय. आणि पुण्याच्याच अभ्यासात दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं होतं, ते या गोळीत नाही.

नियमात बाळंतपणानंतरच्याही १८० गोळ्या आहेत. याच दिवसांत घरात अळिवाचे लाडू वळले जातात, शेक-शेगडी होते, बाळंतिणीची सगळी उस्तवार होते. अळिवात लोह भरपूर असतं, पण गेलेलं रक्त आणि पुढच्या खेपेचा साठा तेवढ्याने भरून निघत नाही. तोवर बाळाच्या वजनाचा आकडा कार्डावर चढलेला असतो, आणि गोळी बाळासाठीच होती असं घराला सांगितलेलं असल्यामुळे पाकीट फडताळात पडून राहतं. बाराव्या-तेराव्या दिवशी बारशाला गेलेल्या आत्याने, मावशीने, नणंदेने बाळाला पाहून झाल्यावर बाळंतिणीला एवढं जरूर विचारावं: तुझ्या गोळ्या चालू आहेत ना, आणि बाळंतपणानंतर तुझं हिमोग्लोबिन कोणी तपासलं का?